घाबरायला दिघ्याला गेलो

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात माझी प्रवासवर्णनं छापून येतात. काश्मीर झालं, केरळ झालं, मागच्या वर्षी बालीसुद्धा झालं. यंदाचा प्रवास सानपाडा ते दिघा एवढाच आहे. हसू नका. डॉक्टरांनी जिने चढायची बंदी केलेल्या माणसाला दिघासुद्धा परदेशच असतो.

थेटच सांगतो. माझ्या हृदयाच्या नळ्या तुंबल्यात आणि बायपास करायची आहे. डिसेंबरातली तारीखही मिळाली होती. ती मी गुपचूप फोन करून रद्द केली आणि बायकोला, सुनंदाला, सांगितलं की सर्जन सुट्टीवर गेलेत. ‘नाताळ आहे ना,’ अशी पुस्तीही जोडली. त्यानंतर ती घरात नुसती माझ्याकडे बघत राहायची. त्यामुळे बेलापूरच्या ऑफिसातले माझे जुने सहकारी साळवे यांनी नाताळच्या फराळाला बोलावलं, तेव्हा मी उडी मारून हो म्हटलं. उडी अर्थात बेतानं.

दुपारच्या बसनं निघालो. डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली, मांडीवर प्लम केकचं खोकं, असा एकूण थाट. कारखान्यांच्या छपरांमागं पारसिकचा डोंगर दिसत होता. त्याला चांगलीशी उपमा शोधण्याच्या नादात एक स्टॉप आधीच उतरलो. उपमा काही सापडली नाही. मग उरलेलं अंतर चालत गेलो, आणि मधूनमधून मोबाइल बघायचं नाटक करत दम खाल्ला.

साळवे म्हणाले होते, “दारात कागदी चांदणीचा कंदील लावलाय, तो बघून या.” येशूच्या जन्माच्या वेळी तारा बघत निघालेले ते तीन ज्ञानी लोक बरोबर पोचले होते म्हणे. मी गल्लीत शिरलो तर दर दोन घरांआड चांदणी. निम्म्या लोकांनी दिवाळीची उतरवलीच नव्हती. पहिल्याच चांदणीखाली चप्पल काढून, “हॅपी ख्रिसमस” म्हणत मी थेट आत गेलो. आत एक आगरी बाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. वर भिंतीवर एकवीरा आई.

“कोन पायजे?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“साळवे?”

“सालवे तिकरं, पिंपलाचे पाठी. बसा जरा, तोंड कसा पांढरा परलाय तुमचा. पानी पिऊन जा.”

पाणी प्यायलो, आणि पिंपळामागं एकदाचे साळवे सापडले. केकचं खोकं तोवर एका बाजूला चेपलं होतं. त्यांच्या कपाटावर तसल्याच खोक्यांची चळत होती, कारण ओळखीचा प्रत्येक हिंदू माणूस केक घेऊन येऊन गेला होता. साळवेंचं घर मूळचं नगरकडचं. ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळे. “केक कुणी खात नाही हो आमच्यात एवढा,” साळवे म्हणाले आणि माझा केक वर चढवला.

संध्याकाळी चर्चची मंडळी पेटी-ढोलकी घेऊन आली. घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणायची, ही त्यांची रीत. चाली सगळ्या भजनाच्या होत्या, त्यामुळे मी टाळ्या अगदी ठेक्यात वाजवल्या. गाणी संपल्यावर साळवेंच्या आई माझ्याकडं वळल्या. वय झालेलं, पण आवाज खणखणीत.

“सायेब, तुमच्यासाठी काय मागायचं?”

घरात जो कुणी असेल त्याला हे विचारल्याशिवाय प्रार्थना करत नाहीत, असं साळवेंनी कानात सांगितलं.

“सर्वांचं कल्याण होवो,” मी म्हणालो.

“ते मागून झालं. तुमचं सांगा.”

“विश्वशांती?”

“ती बी मागितली.”

सगळे डोळे मिटून थांबले होते. कुणालाच घाई नव्हती. अशा शांततेत माणूस किती वेळ टिकणार?

“बायपास आहे,” मी म्हणालो. “फार भीती वाटते. झोपवल्यावर मी उठणारच नाही, असं वाटतं.”

“कधी हाय?”

“पुढच्या आठवड्यात.” अगदी सहज थाप निघून गेली.

मला वाटलं, एक जण म्हणेल आणि बाकीचे आमेन म्हणतील. पण सगळे एकदम, मोठ्यानं, आपापल्या शब्दांत मागायला लागले. कुणी सर्जनचा हात स्थिर राहू दे म्हणालं, कुणी रक्त कमी पडू नये म्हणालं. एका बाईंनी माझ्या बायकोला रात्रीची झोप लागू दे, असं मागितलं. सुनंदाला झोप लागत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. कापराचा धूर म्हणावा, तर तिथं कापूर नव्हता.

प्रार्थना संपली आणि आईंनी विचारलं, “हॉस्पिटल कुठलं?”

“कशाला?”

“बघायला यायला. नुस्तं मागून पळत नाय आम्ही. सगळे येऊ.”

मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि घाईघाईनं म्हणालो, “ढोलकी नको.”

“ढोलकी गेटाबाहेर ठेवू.”

झालं. आता ही सगळी मंडळी येणार आणि खाटेवर मी नसणार. परतताना रिक्षातूनच हॉस्पिटलला फोन लावला. पुढच्या आठवड्यात एक तारीख मोकळी निघाली. माझ्यासारखाच कुणीतरी पळाला असणार, देव त्याचं भलं करो. देव दिसला का म्हणाल, तर नाही. पण मी उठावं असं ज्यांना मनापासून वाटतं, अशी खोलीभर माणसं दिसली. मला तेवढ्यानं धीर आला.

घरी सुनंदाला तारीख सांगितली आणि सर्जनच्या सुट्टीचंही खरं काय ते सांगितलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले.”

“मला भीती वाटते, सुनंदा.”

“अहो, एवढं सांगायला दिघ्याला जावं लागलं तुम्हाला?” ती म्हणाली आणि रडायला लागली. “मला नाही का वाटत?”

इतके दिवस एका घरात ती एकटी घाबरत होती आणि मी एकटा. मी तिच्याजवळ सरकून बसलो. आता निदान जोडीनं घाबरू.