बुवा चढला का?

चाचा स्पीकर कानाने तपासत नसत, बोटांनी तपासत. स्पीकरच्या कागदी पडद्यावर दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि वैद्य नाडी बघतो तसं थोडा वेळ थांबायचं. मग निदान व्हायचं. "कॉइल घासून राहिली." नाहीतर, "मॅग्नेट सरकला. कुणीतरी आपटला याला." गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं की कुणी आपटला नाही, आणि पाच मिनिटांनी कबूल करायचं की टेम्पोतून उतरवताना जरासा निसटला होता. "आवाज पेट में उतरना," चाचा म्हणत, "कान तो बस दरवाजा है." दुकानाबाहेर आलो की आम्ही या वाक्याची नक्कल करून हसत असू.

नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांचं दुकान होतं. जळालेल्या स्पीकरची कॉइल नव्याने बांधायची, फाटलेला पडदा बदलायचा, हे त्यांचं काम. भजनी मंडळाचा स्पीकर, मशिदीचा भोंगा, लग्नाच्या बँडचा डबा, सगळे आजारी त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेले असत. आणि दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर ते एकाच आवाजावर तपासत. तो आवाज बुवाचा.

बुवा म्हणजे कुणी कीर्तनकार नव्हे. सातासमुद्रापलीकडचा, आता सत्तरी गाठलेला हेवी मेटल गायक. फार वर्षांपूर्वी कुणीतरी टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला, आत कॅसेट तशीच राहिली, आणि तो माणूस परत आलाच नाही. चाचांनी ती कॅसेट लावली आणि ते कामातून गेले ते गेलेच. "या बुवाचं एक गाणं लावलं की स्पीकरचं सारं दुखणं बाहेर येतं," ते सांगत. "नीचे से ऊपर तक जातो, बीच में कहीं छोडत नाही." त्यामुळे भजनी मंडळाचे आजोबा स्टुलावर बसून, मांडीवर टोपी ठेवून, गिटारींचा तो गदारोळ गंभीरपणे ऐकत. एकांनी एकदा विचारलं, "हे कोणत्या देवाचं म्हणायचं?" चाचा म्हणाले, "सगळ्यांचंच हाय. बसा, चहा सांगितला."

मी तेव्हा विष्णुपुरीला इंजिनियरिंग शिकत होते. गॅदरिंगमध्ये उडालेला स्पीकर मांडीवर घेऊन ऑटोने त्यांच्याकडे गेले आणि पहिल्याच दिवशी कॉइल कशी बांधावी यावर त्यांना शहाणपण शिकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग स्वतःच्या पद्धतीने बांधली आणि माझं नाव कायमचं 'इंजिनियर' ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे आई लहानपणापासून सांगत आलेली आहे. चाचांना मात्र त्याचं कौतुक होतं. ओळखीचं कुणी आलं की म्हणत, "ही बघा आपली इंजिनियर. तोंडावर बोलते, पाठीमागे न्हाई."

माझ्यासारखे आणखी दोघे तिथे जमले. शिरूर अनंतपाळचा संतोष आणि माहूरचा दिगंबर, ज्याच्या घरी गडाच्या पायथ्याशी हळदीकुंकवाचं नि ओटीच्या सामानाचं दुकान. आजूबाजूचे दुकानदार 'मेटल'चं मराठी करून आम्हाला 'लोखंडवाले' म्हणत. बुवाचा नवा अल्बम आला की शुक्रवारी, चाचा दुपारची नमाज पढून आले की, दुकानातल्या लांब बाकावर चौघांनी बसायचं हा आमचा रिवाज. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. संपलं की प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, धाकट्यापासून सुरुवात करून. धाकटी मी, आणि शेवटचं वाक्य चाचांचं. त्यानंतर मिरची भजी आणि मनसोक्त भांडण. नोकरीसाठी मी आणि संतोष लातूरला गेलो तरी हा शुक्रवार आम्ही चुकवला नाही.

पुढे पुढे चाचा थोडे विचित्र वागू लागले. बुवाची जुनी गाणी लावताना ट्रेबलचं, म्हणजे वरचे सूर वाढवायचं, बटण शेवटपर्यंत पिळायचे. झांजा कानात सुईसारख्या शिरायच्या. "चाचा, कान फाटून राहिले ना जी!" दिगंबर ओरडायचा. ते हसायचे आणि बटण तिथेच ठेवायचे. फोन उचलणं त्यांनी बंद केलं. गिऱ्हाइकांना म्हणायचे, काय झालं ते चिठ्ठीवर लिहा. आधी फोनवरच्या आमच्या चौघांच्या ग्रुपवर त्यांचे लांबलचक आवाजी निरोप यायचे, ते थांबून दोन-दोन शब्द टाइप होऊन येऊ लागले. वयाप्रमाणे माणूस हेकट होतो, असा निष्कर्ष आम्ही काढला. तिघेही शिकलेले, पैकी मी तर इलेक्ट्रॉनिक्सची.

मग तो अल्बम आला. बुवाने सगळंच बदललं होतं. गिटारी खोल खाली उतरवलेल्या, चाल संथ, जड, आणि ज्या तार स्वरासाठी आम्ही त्याच्यावर जीव टाकला तो स्वर कुठेच नाही. खर्जात घुटमळणारा, काळोख्या विहिरीतून आल्यासारखा आवाज. जगभरातले चाहते एकमेकांच्या उरावर बसले होते. कुणी म्हणे हेच त्याचं सर्वांत थोर काम, कुणी म्हणे म्हाताऱ्याचा गळा गेला नि आता तो अंधाराचं सोंग आणतोय.

आम्ही बाकावर बसून अखेरपर्यंत ऐकलं. त्या दिवशी ट्रेबलचं बटण मधोमध होतं. मी ते पाहिलं आणि मला काही वाटलं नाही.

माझं वाक्य होतं, "हा बुवा नाही, हा सांडग्याचं पीठ दळतोय." संतोष म्हणाला, "गळ्यात काही राह्यलं न्हाई, म्हणून पट्टी खाली आणलीय." दिगंबर म्हणाला, "मला लई आवडला." मग चाचांची पाळी. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "लई वर्षांनी बुवा मला पुरा ऐकू आला."

मला संताप आला. ज्या माणसाने मला तार सप्तकातला बुवा ऐकायला शिकवलं त्याने या घरघरीला रडावं! मी म्हणाले, "चाचा, बहिरे झालात की काय?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ओठांकडे, हे आता कळतं. मग म्हणाले, "हाव."

आम्हाला वाटलं, गंमत केली. संतोष हसलासुद्धा.

त्यानंतर ग्रुपवर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. मी रोज हातभर लांब मजकूर लिहून पाठवत होते. दिगंबरला मी बुवाचा भालदार म्हटलं, त्याने मला बाजारबुणगी म्हटलं. एके दिवशी मी आणि संतोष ग्रुप सोडून बाहेर पडलो. एका गायकाच्या अल्बमवरून, ज्याला आमच्या गावांची नावं उच्चारतासुद्धा आली नसती. मग दर शुक्रवारी सकाळी माझ्या फोनवर चाचांचा निरोप येऊ लागला. "आज येता का?" पुढच्या शुक्रवारी, "सब मिलके एक बार ऐकू. फक्त एक बार." त्याच्या पुढच्या शुक्रवारी, "भजी मी सांगतो. या." मी उत्तर दिलं नाही. आधी त्यांनी मान्य करावं की अल्बम टाकाऊ आहे, असा माझा हट्ट होता. असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. मोजायला हवे होते.

शेवटी दिगंबरचा फोन आला. शिव्या खायच्या तयारीने उचलला, तर तो रडत होता. "चाचाचे कान चालले ना जी. चार वर्षांपासून चालले. आधी वरचे सूर गेले, आता खालचेही चालले. दुकान बंद करून राहिले. कानाला मशीन लावून पाहिलं, तर म्हणतात बुवा पत्र्याच्या डब्यात बसून गाऊन राहिला, म्हणून काढून ठेवलं. आता डॉक्टर म्हणतात, मशीनचाही उपयोग नाही. तुम्ही दोघं एकदा तरी यायचं होतं."

ट्रेबलचं बटण, चिठ्ठ्या, टाइप केलेले निरोप, सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. आयुष्यभर मोठमोठ्या स्पीकरांच्या गदारोळात बसलेल्या माणसाच्या कानातून बुवा वरच्या बाजूने थोडा थोडा पुसला जात होता, आणि अखेर बुवाच खाली उतरून त्यांना ऐकू येईल तिथे गायला होता. तेवढ्या एका शुक्रवारी. आणि मी विचारलं होतं, बहिरे झालात की काय.

संतोष आणि मी मिळेल ती एसटी धरून लातूरहून नांदेडला गेलो.

दुकान जवळजवळ रिकामं होतं. फळ्यांवर धुळीत स्पीकरांचे गोल ठसे तेवढे राहिले होते. मात्र बाक जागेवर होता, आणि बाकाखाली चाचांनी एक भला मोठा स्पीकर उलटा बसवला होता. आम्ही बसलो. मला वाटलं, तोच नवा, काळोखा अल्बम लावतील. त्यांनी लावला जुना, पहिल्या कॅसेटमधला बुवा. आमचा बुवा. एक छोटा स्पीकर मांडीवर घेऊन त्यांनी पडद्यावर दोन बोटं टेकवली आणि मला म्हणाले, "इंजिनियर, वरचा सूर बोटाला लागत न्हाई. बुवा चढला की हात वर कर."

त्यांचा आवाज फार मोठा झाला होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा होतो तसा. दिगंबरने तोंड भिंतीकडे केलं.

गाणं मला पाठ होतं, पण हात कधी वर करायचा ते सुचेना. "चढला का?" चाचांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "चढला का?" आणि मग तो सूर आला. मी हात वर केला. सूर संपेपर्यंत तसाच ठेवला. चाचांनी डोळे मिटले होते आणि मान हळूच मागे नेली होती, एखादी गोष्ट आठवताना नेतात तशी. सूर खाली आल्यावर मी हात खाली घेतला. त्यांनी डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव. एवढाच लंबा होता."

मग त्यांनी नवा अल्बम लावला. बाक थरथरत होता, आमच्या हाडांत शिरत होता. चाचांना त्यातलंही आता किती पोचत होतं कुणास ठाऊक. संपल्यावर त्यांनी जुनं पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. रिवाज रिवाज होता. मी लिहिलं, "चाचा, मला माफ करा."

त्यांनी वाचून त्यावर काट मारली. "हे अल्बमबद्दल न्हाई."

मी लिहिलं, "फार सुंदर आहे."

त्यांनी तेही खोडलं. "झूट. तू तोंडावर बोलणारी पोरगी. फिरून लिही."

मग मी रडत रडत लिहिलं, "मला अजूनही आवडला नाही." चाचांनी ते वाचलं आणि ते खळखळून हसले. कितीतरी मोठ्याने. "हां! अब बराबर. भांडा, पर येऊन भांडा. घरी बसून भांडू नका." नंतर भजी आली. त्यांनी माझ्या वाटचीही खाल्ली.

दुकान विकून ते देगलूरला मुलीकडे गेले. आम्ही तिघे अधूनमधून जातो. सगळं कागदावर बोलतो. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, खालचंही नाही. नवा अल्बम मी बहुतेक शुक्रवारी लावते. आवडत नाही तो नाहीच. ऐकते आणि काय खटकलं ते चाचांना टाइप करून पाठवते. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "येऊन भांड."

गेल्या शुक्रवारी मात्र त्यांचा निरोप आधी आला. "इंजिनियर, बुवाचा आवाज कसा होता, लिहून पाठव. विसरून राहिलो."

मी फोन घेऊन बसले. या आवाजाबद्दल आजवर मी हातभर लांब मजकूर किती लिहिले असतील, लोकांना नामोहरम केलं असेल. उंच होता, असं लिहिलं आणि पुसलं. धारदार होता, असं लिहिलं आणि पुसलं. गाणं लावलं, पडद्यावर दोन बोटं टेकवली, पुन्हा लिहायला घेतलं.

आज परत शुक्रवार आहे. चाचा वाट बघत असतील. मी अजून काही पाठवलेलं नाही.