अष्टमीचं पाणी

त्र्यंबक गुप्त्यांनी आयुष्यात एकच मोठी चूक केली, पण ती दोन हजार प्रती छापून.

ठाण्यातल्या अण्णांच्या साप्ताहिकात ते ‘खरं की थाप’ हे सदर लिहीत. पुढारी भाषणात जे ठोकून देत, ते त्र्यंबकराव कागदपत्रांशी ताडून पाहत. अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात खोपटच्या सभेत एक पुढारी गरजले, “समुद्रातल्या आपल्या तेलविहिरी देवघराइतक्या सुरक्षित! गेल्या गुरुवारी जरासं तेल सांडलं, ते उधाणाच्या ओहोटीनं खोल समुद्रात ओढून नेलं. किनाऱ्याला थेंब नाही!” त्र्यंबकरावांनी सरकारी पत्रक मिळवलं. त्यातही हेच होतं. पुढाऱ्यांनी भाषण त्याच पत्रकावरून पाठ केलं असेल, हे काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी छापलं : खरं.

सोमवारी चेंदणी कोळीवाड्यातली मंजुळा मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून थेट कचेरीत शिरली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाली, “भाऊ, तेल सांडलं त्या दिशी तिथी कंची?”

“अष्टमी.”

“मग उधान काय तुमच्या घरून आनलं? उधान पुनवंला नि आवसंला. अष्टमीला भांग. पानी मेल्यावानी पडून असतं, ते तेल नेनार कुठं? आमची जाळी येऊन बगा, डांबरात बुडवल्यावानी झाल्यात.”

अण्णा खुर्चीतून उठलेच. “त्र्यंबक, महिनाभर ही सांगेल, तू लिही. मग सदरावर नाव कुणाचं, ते बघू.”

बारा वर्षांचं सदर! त्र्यंबकरावांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला ओव्याचा उपाय नव्हता. सदरात आता ‘मंजुळाबाई सांगतात’ असं छापून येई; वाचकांची पत्रं येऊ लागली, तीही ‘मंजुळाबाईंस सप्रेम नमस्कार’ अशी. एकाने तर विचारलं, मधेमधे ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ कोण घुसडतं? आणि लग्नापासून ज्यांनी ते सदर उघडलं नव्हतं, त्या त्यांच्या पत्नी हेमाताई आता पोळ्या लाटता लाटता शेजारणीला ते वाचून दाखवू लागल्या.

त्र्यंबकराव मंजुळेची थाप पकडायला निघाले. बंदरखात्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पिशवीत दडवून रोज खाडीवर जायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, “आज भरती किती वाजता हो?”

मंजुळा बोटांवर तिथीची पाऊणपट करायची. “चवथ हाय. तीनला.”

वेळापत्रकात दोन बावन्न! त्र्यंबकराव जवळजवळ धावतच घरी आले. “हेमा, आठ मिनिटं चुकली ती!”

“तुम्ही तर अख्खं उधाण चुकलात,” हेमाताई म्हणाल्या.

महिना संपला. नव्या अंकात सदरावर ठळक टायपात ‘मंजुळाबाई कोळी’ आणि तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘शब्दांकन : त्र्यं. गुप्ते’. अंक तिला नेऊन द्यायचं कामही अण्णांनी त्यांच्याच गळ्यात घातलं.

मंजुळा धक्क्यावर जाळं सांधत बसली होती. त्र्यंबकरावांनी अंक पुढे केला आणि महिनाभर घशात अडकलेला काटा एकदाचा बाहेर आला. “खरं सांगा मंजुळाबाई, तुमचं कधीच चुकत कसं नाही?”

तिनं दातानं दोरा तोडला.

“चुकलं तर आमचा मानूस परत येत नाय, भाऊ, तुमचा पेपर येतो दर शनवारी.”