पाचवा रकाना

कारखान्यांमध्ये जाऊन गुणवत्ता शिकवणं हा आता माझा धंदा आहे. अमरावती, अकोला, कधी वरूडकडे संत्र्यांच्या पॅकिंगला. फळ्यावर मी एकाखाली एक पाच रकाने आखते आणि सांगते, काही बिघडलं की ‘का’ विचारा, मिळालेल्या उत्तरावर पुन्हा ‘का’ विचारा, असं पाच वेळा केलं की खरं कारण सापडतं. समोरचे लोक माना डोलावतात. मला मात्र तो फळा पुसून पळून जावंसं वाटतं. असाच एक फॉर्म मी स्वतः भरलेला आहे आणि त्यात एका माणसाची नोकरी गेली. चूक त्याची नव्हती, हे मला भरतानाच माहीत होतं.

माझी ती पहिली नोकरी, अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये. मी अमरावतीची, अन्नतंत्रज्ञान शिकलेली, कोऱ्या पांढऱ्या कोटातली. गळ्यात ‘क्वालिटी’ असं लिहिलेलं कार्ड. आईनं त्या कार्डाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. पहिल्याच दिवशी मी मिलमध्ये फिरले आणि दुपारचा डबा तसाच परत नेला. तुरीच्या ढिगावर कबुतरं बसलेली, खाली त्यांची घाण. ‘येथे थुंकू नये’ या पाटीच्या मागची भिंत खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली, आणि पाटी पुढून अगदी स्वच्छ. ती पाटी मला अजून आठवते. त्या मिलचं सगळं काम त्या पाटीसारखंच चालायचं.

आमची डाळ घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक तपासणीला येणार असले की दोन दिवस आधी जादू व्हायची. फरशीवर पिवळे पट्टे, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, उंदरांच्या पिंजऱ्यांना नंबरची स्टिकरं. हमालांना हातमोजे मिळायचे आणि संध्याकाळी मोजून परत घेतले जायचे. पाहुणे गेले की कबुतरं परत, टोप्या कपाटात. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. पण घरी मी त्यातलं हसण्यासारखं तेवढंच सांगायची.

मिलचा मॅनेजर म्हणजे मालकाचा भाचा. माणूस गोड बोलणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला एक वही आणि बामची रिकामी डबी दिली. डाळ पॅकिंगकडे जाते त्या नळीत एक मॅग्नेट बसवलेलं असतं. तुरीबरोबर आलेला खिळा, तारेचा तुकडा, असलं लोखंड त्यानं धरून ठेवावं, ग्राहकाच्या पिशवीत जाऊ देऊ नये, एवढ्यासाठी. दर पाळीला लाइन थांबवायची, मॅग्नेट बाहेर काढून पुसायचं, जे सापडलं ते चिकटपट्टीनं वहीत लावायचं, खाली सही करायची, असा नियम. मी डबी उघडली. आत वाकडे खिळे, पिना, तारेचे बारके तुकडे.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘मॅडम, ऑडिटवाल्यायले वहीत लोखंड पायजे. आपन देतो ना त्यायले लोखंड,’’ तो म्हणाला. ‘‘रोज दोन-दोन डाळ्या लावत जा. सीझनमदी लाइन थांबवत नाई आपन.’’

लोखंडाच्या तुकड्यांना तो डाळ्या म्हणायचा. मी त्याच्याकडे बघत राहिले, तर तो हसला, आणि त्याच्या त्या हसण्याला मीही हसले. त्या दिवशी मी वहीत दोन खिळे चिकटवले आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. महिन्याभरानं मी पुढच्या चार दिवसांची पानं एकदम भरू लागले. डबीतले खिळे संपले की जुन्या पानांवरचे काढून नव्या पानांवर लावायचे. डोक्याला निळा रंग लागलेला एक खिळा होता. तो माझ्या वहीत एकाच मोसमात सहा वेळा ‘सापडला’. हे सांगताना मला स्वतःची किळस येते. आणि ती यायलाच पाहिजे.

त्या मिलमध्ये एकच माणूस नियमानं चालायचा, तो म्हणजे मिस्त्री. पन्नाशी ओलांडलेला, आयटीआय शिकलेला, वीसेक वर्षं त्याच मशिनींवर घालवलेला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, आणि डोळे मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, ‘‘हे आठ दिवसांत जाईन.’’ आठ दिवसांत ते जायचंच. मलाही त्यानं तसं ऐकायला शिकवलं होतं. माझ्या प्रयोगशाळेच्या दारात ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी होती. मालकही तिथून बुटांसकट यायचा. मिस्त्री मात्र एवढ्या चिकट फरशीवर अनवाणी यायचा आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांची वही टेबलावर उघडून ठेवायचा.

त्याची ती चिठ्ठ्यांची वही त्यानं स्वतः विकत आणली होती, कार्बन लावलेली. अक्षर गोल, शाळकरी. त्या उन्हाळ्यात त्यानं मला तीन चिठ्ठ्या दिल्या. तिन्हींत एकच मजकूर: दोन नंबरची चाळणी फाटली आहे, तारा तुटून डाळीत पडत आहेत, चाळणी बदलावी, तोवर मॅग्नेट रोज साफ करावं. तिन्हींवर मी वहीतच ‘मिळाली’ म्हणून सही केली, मग त्यानं चिठ्ठी फाडून हातात दिली. त्याचा तो आग्रहच असायचा.

‘‘काका, सही कशाला? मी सांगते की मॅनेजरला,’’ मी म्हणायची.

‘‘सांगाच. पन सही करा,’’ तो म्हणायचा. ‘‘बोललेलं हवेत जाते, मॅडम.’’

मी मॅनेजरला सांगितलं, खरंच सांगितलं. तो म्हणाला, मोसम संपू द्या. मी चिठ्ठ्या फाइलला लावल्या. आपलं काम झालं असं समजले. मिस्त्रीनं एकदा स्वतःच लाइन थांबवून मॅग्नेट बाहेर काढलं होतं. त्याच्यावर तारांचा आणि काळ्या भुकटीचा एवढा जाड थर होता की खालचं मॅग्नेट दिसेना. त्यानं ते मला दाखवायला आणलं. तेवढ्यात मॅनेजर ओरडत आला, वीस मिनिटं लाइन बंद काहून, कोनाले इचारून, आणि सगळ्या हमालांदेखत त्याला नाही नाही ते बोलला. मिस्त्री फडक्यानं मॅग्नेट पुसत राहिला. मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर मॅग्नेट कुणी काढलं नाही. वहीत मात्र रोज दोन डाळ्या.

मग त्या मोठ्या कंपनीकडून फोनवर एक फोटो आला. मी जेवायला बसले होते. डब्यात वरण-भात, आणि डाळ आमच्याच मिलची, दिवाळीला मिळालेली. फोटोत एका ताटलीत बोटाच्या पेराएवढी तार, वरणात भिजून पिवळी झालेली. खाली लिहिलं होतं, एका घरात लहान मुलीच्या घासात ही तार आली, हिरडीला लागली. आठ दिवसांत कारण शोधा, काय केलं ते कळवा, नाहीतर माल घेणं बंद. मी डब्याचं झाकण लावलं. त्या दिवसानंतर कितीतरी महिने मी वरण खाल्लं नाही. आईला सांगितलं, पित्त झालं आहे.

मॅनेजरनं फॉर्म माझ्यापुढं ठेवला. पाच रकाने, प्रत्येकापुढं ‘का?’. मी शिकले होते तसंच भरायला लागले. तार पिशवीत का आली? मॅग्नेटनं धरली नाही म्हणून. का धरली नाही? मॅग्नेट भरलेलं होतं म्हणून. का भरलेलं होतं? तिथं माझं पेन थांबलं. कारण माझ्याच वहीप्रमाणे ते रोज, दर पाळीला, साफ होत होतं. प्रत्येक पानावर खिळे होते. प्रत्येक पानावर माझी सही होती.

मॅनेजरनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्याला मजा वाटली. ‘‘मॅडम, वही तं तुमचीच हाय,’’ तो म्हणाला. ‘‘मॅग्नेट साफ होत होतं, असंच लिवा. मिस्त्रीनं परत बसवतानी वाकडं बसवलं. झालं. चौथ्यात लिवा दुर्लक्ष, पाचव्यात ट्रेनिंग नाई. अन् लक्षात ठेवा, पाचवा रकाना नेहमी खालच्या मानसाचा असते. तो वर गेला तं मामाच्या केबिनपर्यंत जाते.’’

‘‘पण चाळणीच्या चिठ्ठ्या आहेत,’’ मी म्हणाले.

‘‘फाइलमदून काढा न मंग.’’

इतकं साधं. मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले असते तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, एवढंच. घरात बाबा कमावते होते, उपाशी मरणार नव्हते. पण मला तिथं दोन वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते आणि अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं. एका कागदासाठी मी दुसरे तीन कागद फाडले. अगदी बारीक फाडले, टरफलांच्या बादलीत टाकले, वर आणखी टरफलं ढकलली. मग बसून फॉर्म भरला. अक्षर सुंदर काढलं. पाचव्या रकान्यात लिहिलं: ‘संबंधित मिस्त्रीस पुरेसे प्रशिक्षण नाही.’ ज्या माणसानं मला बेअरिंग ऐकायला शिकवलं, त्याच्याबद्दल.

त्याच्या खाली ‘केलेली कारवाई’ असा एक रकाना असतो. कंपनीला तिथं काहीतरी ठोस हवं असतं. चाळणी बदलायची तर मशीन थांबवावी लागली असती. माणूस बदलायला काहीच थांबवावं लागत नाही. मॅनेजरनं सांगितलं आणि मी लिहिलं, ‘कामावरून कमी केले’. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. विश्लेषण समाधानकारक आहे, असं. मला शाबासकीही मिळाली. चहाबरोबर समोसा मागवला होता. आणि तो मी खाल्ला.

त्याच्या कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मिस्त्री प्रयोगशाळेच्या दारात आला. चपला बाहेर काढल्या. मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. चार लोकांसमोर माझी लाज काढली असती तर मी थोडी तरी सुटले असते.

त्यानं काखेतून ती चिठ्ठ्यांची वही काढली आणि टेबलावर ठेवली. मी उघडली. कार्बनखाली नक्कल उरते, हे चिठ्ठ्या फाडताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिन्ही चिठ्ठ्यांच्या नकला तिथं होत्या, निळ्या, पुसट, पण वाचता येतील अशा. चाळणी फाटली आहे. चाळणी फाटली आहे. चाळणी फाटली आहे. आणि तिन्हींखाली माझी सही, तारखेसकट. एवढी एक वही त्या कंपनीला पाठवली असती तर त्याची नोकरी वाचली असती आणि माझी गेली असती. हे त्याला आठ दिवस माहीत होतं.

‘‘काका, तुम्ही ही दाखवली का नाही?’’ मी विचारलं.

‘‘मॅनेजरचं नाव नाई ना याच्यात कुठं. तुमचंच हाय,’’ तो म्हणाला. ‘‘दाखवलं तं तुमी जासान, अन् तो तथीच राहीन. म्या इचार केला, मी तं आता म्हातारा होऊन राह्यलो. तुमचं अजून सारं व्हायचं हाय.’’

मी वही मिटली.

‘‘ठेवा हे तुमच्यापाशी,’’ तो म्हणाला. ‘‘माह्यापाशी राह्यलं तं एखांद्या दिवशी मले राग येईन.’’

मी खरं तर ती वही त्याच्या हातात परत कोंबायला हवी होती. नाहीतर तशीच उचलून मालकाच्या केबिनमध्ये नेऊन आपटायला हवी होती. केबिनचं दार चार पावलांवर होतं. मिस्त्रीही क्षणभर तिथंच उभा होता, मी काय करते ते बघत. तेवढी संधी त्यानं मला दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी ती वही दोन्ही हातांनी घेतली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली, आणि त्याला थँक्यू म्हणाले.