डाव्या खांद्यावरची सर्व्हिस

त्या सामन्याचा विषय निघाला की मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: आमच्या पोरी हुशार, समोरच्या संघातली कच्ची जागा त्यांनी स्वतःच हेरली. निवृत्तीच्या सत्कारात हेच सांगितलं. क्रीडाशिक्षकांच्या पंगतीत हेच सांगितलं. सुनेने एकदा मोबाइलवर त्या सामन्याचं चित्रीकरण शोधून लावलं, तेव्हा तिलाही हेच. ते खोटं होतं. खरं सांगायचं मी टाळत गेलो, कारण त्या खोट्याने माझं काहीच बिघडत नव्हतं. जिचं बिघडलं ती माझ्याकडे कधी तक्रार घेऊन आली नाही.

मी वाशीमच्या एका महाविद्यालयात खेळ शिकवायचो. मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ मी उभा केला. मुली खेड्यांतून यायच्या, कोणी सोयाबीन सोंगून, कोणी पहाटेच्या एसटीने. उंची कमी, पण खांदे दणकट. माझी पद्धत कडक होती असं लोक अजून कौतुकाने म्हणतात. कडक नव्हती, क्रूर होती. तिला मी भट्टी म्हणायचो. जिचं चुकेल तिला कोर्टाच्या मधोमध उभी करायची आणि बाकीच्यांनी चारी बाजूंनी तिच्यावर चेंडू मारायचे, ती खाली बसेपर्यंत. बसली की मी विचारायचो, "बसल्या काय राणीसाहेब? चहा आणू काय?" बाकीच्या हसायच्या. जी हसणार नाही तिची पुढची पाळी, हे त्यांना ठाऊक होतं.

इंझोरीकडची एक मुलगी त्यात होती. उजवीकडचा चेंडू ती जमिनीला टेकता टेकता उचलायची, डावीकडचा हमखास सोडायची. मी तिला दर दिवशी भट्टीत घातलं. एकदा चेंडू तिच्या डाव्या कानशिलावर बसला आणि तिने हातही वर केला नाही. मला वाटलं, माज आहे.

"बॉल दिसत नाही काय तुले?" मी ओरडलो.

ती चेंडू आणायला धावली. सगळ्या गेल्या, मी नेट सोडत होतो, तेव्हा परत आली.

"सर, तुमी इचारलं न मघा. नाही दिसत. डाव्या डोळ्यानं नाही दिसत मले."

लहानपणी ती तुरीच्या वावरात पडली होती. तूर कापल्यावर जमिनीत राहिलेला टोकदार खुंट डोळ्यात गेला. बुबुळावर फूल पडलं होतं, पण इतकं बारीक की अगदी जवळून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. दोनचार दिवसांनी तिची आई कॉलेजात आली आणि पदराचं टोक दातात धरून व्हरांड्याच्या खांबाशी उभी राहिली.

"सर, पोरीची जात हाय. उद्या लग्नाचं पाहा लागते. कोणाले सांगजा नोका."

"नाही सांगत बाई," मी म्हणालो.

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या सगळ्या नोकरीतलं चांगलं काम होतं, म्हणून पुढचं अधिक वाईट वाटतं. बाकीच्या मुली यायच्या आधी मी तिला मैदानावर बोलवायचो. सर्व्हिस सुटायच्या आधी मान डावीकडे वळवायची, नाक डाव्या खांद्याच्या वर आणायचं, म्हणजे उजवा डोळा मधोमध येतो. जमेल तेव्हा कोर्टाच्या डाव्या रेषेला लागून उभं राहायचं, म्हणजे चेंडू उजवीकडूनच येतो. मी डावीकडून चेंडू फेकत राहायचो, ती मान वळवत राहायची. दोन हिवाळे आम्ही हे केलं. मग ती वळवलेली मान तिच्या अंगाचीच झाली. मुलींना वाटायचं ही तिची ऐट आहे. त्या तिला मोरनी म्हणायच्या.

सगळ्यांत जास्त चिडवायची ती मालेगावची एक मुलगी, संघातली सर्वांत धारदार सर्व्हिस तिची. दोघी एका खोलीत राहायच्या, एका डब्यात जेवायच्या. "मोरनी, नाचून दाखव न," ती म्हणायची आणि ही तिच्या पाठीत धपाटा घालायची. डोळ्याचं तिलाही कधी कळलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या महाविद्यालयाने मोरनीला बोलावलं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांचं. ती मला विचारायला आली. मी चेंडूत हवा भरत होतो.

"सर, जाऊ काय?"

"जा."

"तुमाले राग तं नाही न आला?"

मी पंप मारत राहिलो. ती पाया पडली तरी मी पंप मारत राहिलो.

तिने विचारलं होतं आणि मी जा म्हणालो होतो, पण मनात मी ते पळून जाणं म्हणूनच धरलं. आमच्या जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक अशा वेळी सोडत नाहीत. "काय सर, कोंबडी तुमी पाळली आन् अंडे दुसऱ्याच्या घरी?" एकाने काढलं आणि ते पुढे सगळ्यांनी धरलं. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो.

मग देशभरातल्या महाविद्यालयांची मुलींची स्पर्धा वाशीमला आली. माझं निवृत्तीचं वर्ष होतं. आम्ही उपांत्य फेरीत हरलो. दुसऱ्या उपांत्य सामन्यात मोरनीचा नवा संघ हरला. म्हणजे तिसऱ्या क्रमांकासाठी आम्ही आणि ते. बाहेरच्यांना तिसरा आणि चौथा क्रमांक सारखेच वाटतात. तिसऱ्याचं प्रमाणपत्र असलं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेवर हक्क सांगता येतो. चौथ्याला टाळ्या मिळतात. मोरनीचं त्याहून जास्त अडकलं होतं. तिची तिथली जागा दर वर्षी खेळ पाहून चालू ठेवायची की नाही ते ठरायचं.

तिच्या गावचे लोक जीप करून आले होते. आई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर मुरमुऱ्यांची पिशवी. लेकीला खेळताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

पहिला सेट आम्ही हरलो. मोरनी जमेल तेव्हा डाव्या रेषेला चिकटत होती, मान वळवत होती आणि आमची प्रत्येक सर्व्हिस उचलत होती. आमच्याच जिल्ह्याची पोर म्हणून लोक आम्हाला सोडून तिलाच टाळ्या देत होते. मागच्या खुर्चीवरून एक सहकारी माझ्या कानाशी वाकला.

"सर, तुमची कोंबडी लय अंडे देऊन राह्यली वो."

दुसऱ्या सेटच्या मध्याला मालेगावच्या मुलीची सर्व्हिस आली आणि मी टाइमआउट घेतला. मोरनी तेव्हा जागा बदलायच्या क्रमाने फिरत मागच्या उजव्या कोपऱ्यात आली होती. तिथे डावी रेषा नव्हती, आधार नव्हता. तिच्याशिवाय त्या कोपऱ्याचा अर्थ अख्ख्या सभागृहात मला एकट्याला कळत होता.

"आपल्या उजव्या टोकाला जाऊन उभी राह्य," मी मालेगावच्या मुलीला म्हणालो. "तिथून तिरपी मार. मोरनीच्या डाव्या खांद्यावर."

"काहून सर? तिचा पास तं सगळ्यायहून चांगला हाय."

"तिले डाव्यानं दिसत नाही."

"काय?"

"डावा डोळा आंधळा हाय तिचा. मार."

मी आवाज खाली केला नव्हता. बाकावरच्या सगळ्या मुलींनी ऐकलं. मालेगावची मुलगी माझ्याकडे पाहत राहिली.

"सर, मोरनी हाय ते."

"नोकरी पायजे न तुले? मंग मार."

तिने मारली. मोरनीने मान वळवली, पण चेंडू दूरच्या कोपऱ्यातून आला होता. हात पोचले तोवर तो खांद्याला लागून प्रेक्षकांत गेला. दुसरी तशीच गेली. तिसऱ्या वेळी मोरनी अख्खी डावीकडे वळून उभी राहिली, मी शिकवलं होतं त्याहून जास्त. मी हातानेच खूण केली: आता उजवीकडे. चेंडू तिच्या चांगल्या डोळ्याच्याही पाठीमागे पडला. ती तो पाहूही शकली नाही, नुसता आवाज ऐकून वळली.

आमच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आंधळे, डावीकडं." मुली हसल्या. तेच हसू होतं, भट्टीतलं. मग वरच्या गॅलरीतल्या पोरांनी ते उचललं. "ए आंधळे, इकडं हाय बॉल." "चष्मा द्या वो कोणी." थोड्याच वेळात टाळ्यांच्या तालावर चाललं होतं. माझ्या एका शिटीने आमच्या मुली तरी गप्प झाल्या असत्या. शिटी माझ्या गळ्यात होती. मी गुणफलक पाहत होतो.

तिची आई उभी राहिली, पिशवी तिच्या मांडीवरून घसरून मुरमुरे सांडले. ती ओरडली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसून मुरमुरे वेचू लागली.

मोरनीने मान पूर्ण वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावरून पुढे सरकली. मग ती सर्व्हिसच्या रेषेकडे वळली आणि हातात चेंडू घेऊन उभ्या असलेल्या मैत्रिणीवर थांबली.

तिच्या प्रशिक्षकाने तिला बाहेर काढलं. "एक आँख से खेल रही थी? हमको बताया क्यों नहीं?" तो सगळ्यांसमोर विचारत होता. ती टॉवेलने मनगटं पुसत राहिली. आम्ही तो सेट जिंकलो, पुढचेही जिंकलो. माझ्या गळ्यात हार पडला. छायाचित्रात मालेगावची मुलगी कडेला उभी आहे, चेहरा दुसरीकडे.

सभागृहामागच्या नळांवर मोरनी तोंड धूत होती. मला तिथून वाहनाकडे जायचं होतं.

"सर."

मी थांबलो.

"तुमी तं नाही न सांगितलं?"

एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "दोघी एका खोलीत राह्यल्या तुमी. ध्यानात येतेच बाई."

तिने नळ बंद केला. थोडा वेळ हातांतून पाणी गळत होतं.

"हाव. म्याबी तेच म्हटलं. आई काहीबाही बोलून राह्यली, पण सर नाही सांगणार." आणि ती वाकून माझ्या पाया पडली. माझ्या बुटांवर तिची ओली बोटं उमटली.

डोळ्याचं लपवलं म्हणून तिची तिथली जागा गेली. शिक्षण अर्धवट टाकून ती गावी आली. आंधळी हे नाव तिच्या आधी गावोगाव पोचलं होतं. पाहायला आलेले पाहुणे तिच्या डाव्या बाजूला बसायचे, बोटं धरायचे आणि म्हणायचे, सांग किती. एका घरच्यांनी तर लहान पोरांना खेळ म्हणून तसं करायला लावलं. त्यानंतर तिने कोणापुढे बसायचं बंद केलं. आता शेलूबाजारला भावाच्या कापडाच्या दुकानात ती गल्ल्यावर बसते. गल्ला असा लावून घेतला आहे की तिच्या डाव्या हाताला भिंत येते.

मालेगावच्या मुलीला त्या प्रमाणपत्रावर पोलिसात नोकरी लागली. पहिल्यांदा वर्दी घालून माझ्या घरी आली तेव्हा पेढे आणले नव्हते. बस म्हटलं तर बसली नाही.

"सर, तिले सांगा न. तुमचं ऐकते ते. मले पाह्यलं का शटर ओढते."

"सांगतो."

पुढच्या खेपेलाही मी सांगतो म्हणालो. त्यानंतरच्या खेपेला ती दारातच म्हणाली, "राहू द्या सर. तुमच्याच्यानं नाही होत." मग ती आली नाही. वाशीमला कुठे बंदोबस्तावर दिसली की मीच गल्ली बदलतो.

दुकानात मी कितीतरी वेळा गेलो. "या सर, चहा सांगू?" ती उठून उभी राहते, गिऱ्हाइकांना सांगते की आमचे सर आहेत, यांनीच मला खेळ शिकवला. मग मी एक टॉवेल मागतो. ती अर्ध्या किमतीत देते. घरी कपाटाचा एक खण टॉवेलांनी भरला आहे. बायको म्हणते, "एवढे टॉवेल कायले आणता? आंघोळ तं एकच करता."

गेल्या महिन्यात ठरवूनच निघालो. शेलूबाजारला उतरलो तर दुकान बंद होत होतं आणि ती चौफुलीवर गावाकडच्या जीपची वाट पाहत उभी होती. मी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेलो आणि तिच्या डाव्या हाताला उभा राहिलो. चुकून नाही. उजवीकडे जायला चार पावलं लागली असती. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता, इतक्या जवळ मी होतो, आणि तिला मी नव्हतोच. ट्रक जात होते. तिने एकदा मान डावीकडे वळवायला घेतली, मी शिकवली होती तशी, आणि मी एक पाऊल मागे सरकलो.

जीप आली. ती आत बसली, जीप वळली आणि मी तिच्या चांगल्या डोळ्यापुढे आलो.

"सर? तुमी कवा आले?"

"आत्ताच."

"येजा न दुकानात."

मी मान हलवली. जीप गेली. जे सांगायला मी आलो होतो ते एवढंच होतं: बाई, तिनं नाही ओळखलं. म्या सांगितलं. तिच्याशी बोल, आन् मले माफ कर.