अनसिंगच्या पिंपातले जीव

"मामा, रंग खाणारे जीव पाहायला येता का?" अकोल्यात सूक्ष्मजीवांवर संशोधन करणाऱ्या माझ्या भाचीने, अपर्णाने, विचारले तेव्हा ही थट्टा की निमंत्रण, हेच मला उमगेना. माझे आयुष्य उपनिषदांच्या सहवासात गेले. तरीही दुसऱ्या सकाळी आम्ही वाशीमची एसटी धरली.

पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट लागत नाही. आधारकार्ड मात्र जवळ ठेवावे. मेडशीला गाडी थांबली. मला कांदा वर्ज्य, म्हणून मिरचीची भजी घेतली. ती इतकी झणझणीत की पुढची तूर-सोयाबीनची शेते मी पाणावल्या डोळ्यांनीच पाहिली. मुक्काम वाशीमलाच करावा. तिथून अनसिंगला रिक्षा मिळते.

अनसिंगला रशीदभाई भट्टीवर रंग उकळून साड्या रंगवतात. त्यांचे रंगीत सांडपाणी मुरून शेजारच्या गुलाबरावांची विहीर गुलाबी झाली होती. गुलाबरावांनी बजावले होते, "उद्या सकाळी हे सांडपाणी साफ दिसलं त ठीक, नाहीतं भट्टी बंद!"

म्हणून अपर्णाने ते सांडपाणी झाकणबंद पिंपात जिवाणूंसह कोंडले होते. नळीतून बुडबुडे येत होते. "हा हायड्रोजन, मामा. जळतो, इंधन होतं." मळ खाऊन अग्नीचे अन्न देणारे हे कोण? माझी मती कुंठित झाली. शिवाय झाकण इतके घट्ट! प्राणावाचून जीव कसा जगेल? निघताना, कोणी पाहत नसता, मी ते करुणेने सैल केले.

सकाळी पाणी लालच. बुडबुडेही थांबलेले.

"रातभर दुवा करून राह्यलो मी, अन् हे काय झालं?" रशीदभाईंनी पिंपात वाकून पाहिले.

मी कबूल केले. अपर्णाने कपाळावर हात मारला. "मामा, हवा नसते तिथंच ते हे काम करतात!"

"कायले उघडलं बुवा?" गुलाबराव आधी संतापले, मग त्यांना हसू आवरेना. "तुमी त्याइले जगवाले गेले अन् मारूनच बसले! बरं, चूक बुवाची हाये, रशीदची नाही. आठ दिवस देतो. तवरोक थेंबभर पाणी नालीत नाही सोडायचं."

म्हणजे आठ दिवस रशीदभाईंची भट्टी थंड. त्यांनी मला तरीही चहा पाजला.

घरी परतल्यावर मी प्राणाविषयीची सारी वचने पुन्हा चाळली. हवेवाचून जगणारा जीव त्यांत कुठेच नव्हता. नवव्या दिवशी अपर्णाचा फोन आला. नवे जिवाणू घातल्यावर पाणी निवळले होते, बुडबुडेही येत होते. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे, अजून एक टप्पा उरला आहे, हे गुलाबरावांनी ऐकून घेतले आणि भट्टी पेटू दिली. फक्त एक अट घातली: पिंपाला कुलूप हवे, आणि किल्ली त्यांच्याच कनवटीला राहील.

हल्ली प्राणायामात श्वास रोखला की ते पिंप डोळ्यांपुढे येते, आणि सोडायचा केव्हा हेच मी विसरतो.