गाडी निवू द्या

"गाडी निवू द्या. गरम गाडी खोटं बोलती."

गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मिस्तरी हेच ऐकवायचे आणि बॉनेटला हात न लावता फडक्यानं बोटं पुसत बसायचे. नांदूरघाटला केजच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. आपल्याला घाई असते आणि समोरचा हलत नाही, असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील.

माझी पेट्रोलची व्हॅन सतरा वर्षांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईला डायलिसिससाठी बीडला न्यायला तेवढीच सोय होती. ही व्हॅन इंजिनातलं तेल पिऊ लागली. सकाळी सुरू केली की मागं निळा धूर. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "इंजिन खोलावं लागेल. दहा दिवस लागतील."

दहा दिवस कसे काढायचे? एसटीनं जायची आईत ताकद नव्हती. कुणीतरी सुचवलं म्हणून मी ट्रॅक्टरचं दाट तेल ओतलं. धूर थोडा कमी झाला, पण सकाळी इंजिन कण्हायला लागलं. तेव्हा मिस्तरींकडे गेलो.

त्यांनी तेलाची पट्टी ओढून थेंब बोटांत चोळला.

"हे कावून टाकलं, भाऊ?"

"दाट तेल कमी जळतं म्हणाले."

"कमी जळंल. पण थंड इंजिनात वर चढायला येळ लावंल. तवर आतलं सगळं कोरडंच घासतंय की."

त्या मंगळवारी गाडी त्यांनी रात्रभर ठेवून घेतली आणि बुधवारी सकाळी माझ्यासमोर सुरू केली. निळा धूर आला, थोड्या वेळात विरला. मग शेजारी बसून मला मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत गाडी चालवायला लावली. "चढावर पाय दाबा," म्हणाले आणि मागं वळून बघत राहिले. धूर नव्हता. परत आल्यावर चारी सिलिंडरांचा दाब मोजला.

"पिस्टनच्या रिंगा चांगल्या हायेत. वरच्या वॉल्व्हची रबरं कडक झालीत. रातभर तेल खाली झिरपतं अन् सकाळी जळतं. सगळं इंजिन खोलायचं काम न्हाई."

गुरुवारी रबरं बदलून झाली. तेल वीस-पन्नास दाटपणाचं भरलं. "ह्या इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं हेच सगळ्यात दाट. ह्याच्या पुढं जाऊ नका. अन् दर आठवड्याला पट्टी बघा."

शुक्रवारी धूर बघायला म्हणून ते आमच्यासोबत बीडला आले.

इथं एक कबूल करतो. नळ्यांमधून फिरणारं आईचं रक्त मला बघवत नसे. चार तास मी औषधांच्या दुकानांपुढं घुटमळायचो. त्या दिवशी परत आलो तर मिस्तरी आईच्या पलंगाशी स्टुलावर बसलेले. मशीनकडं बोट करून नर्सला विचारत होते, "ह्याचं फिल्टर किती दिसांनी बदलता?" आणि आई हसत होती. कित्येक महिन्यांनी.

पुढच्या शुक्रवारी ते धुतलेला सदरा घालून रस्त्यावर उभे.

"मिस्तरी, आता धूर येत नाही," मी म्हणालो.

"म्हायीत हाय," म्हणाले आणि आईशेजारी जाऊन बसले.

जवळजवळ वर्षभर हे चाललं. मशीन फिरायचं आणि ते आईला कुणाची गाडी कुठं अडली ते सांगत बसायचे. हळूहळू मीही आत बसायला लागलो.

मग एका शुक्रवारी गॅरेजचं शटर ओढलेलं आणि बाहेर चार माणसं उभी. आदल्या दुपारी जेवून मिस्तरी आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डायलिसिस टाळता येत नव्हतं, म्हणून आम्ही तसेच पुढं गेलो.

तेरावं झाल्यावर ती म्हणाली, "मला त्यांच्या घरी ने."

मिस्तरींच्या बायकोला आम्ही तेव्हा पहिल्यांदाच भेटत होतो. आई त्यांचा हात धरून म्हणाली, "तुमचा माणूस माझ्यापाशी लई बसला."

"सांगत होते ना," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मला भरलेला कप दिला. आईच्या कपात चहा अर्धाच होता. मी कपाकडं बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आईंना पाणी मोजून द्यावं लागतं, असं म्हणत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

आईनं कप दोन्ही हातांनी धरला. मग एकेक घोट घेत तो सगळा संपवला.