पालीची शिकवणी

पूर्णेच्या गाडीत समोरच्या मावशी मोबाईलवर पाली शिकत होत्या. लहानपणापासून म्हणत आलेल्या बुद्धवंदनेचा अर्थ त्यांना आता स्वतः लावायचा होता. व्हिडिओतल्या सरांच्या प्रत्येक वाक्याला त्या अदबीनं मान डोलवायच्या, जणू सरांना ते दिसतंय.

"घरी शिकवणारं कुणी नाही का?" मी विचारलं.

"हाय की, सून. कॉलेजात तेच शिकली. पर लय रागावती. हे सर बिचारे मला वळखतबी न्हाईत."

चुडाव्याजवळ नेट गेलं. मावशी जरा चुळबुळल्या आणि त्यांनी सुनेलाच साधा फोन लावला.

"‘बुद्धस्स’ म्हणजे बुद्धाचा का बुद्धाला गं?"

"दोन्ही होतं, आत्याबाई! किती वेळा सांगू? तुमचे सर काय करायलेत?" सगळ्या डब्याला ऐकू गेलं.

"सर गेले," मावशी म्हणाल्या. दोघातिघांनी दचकून वर पाहिलं. "तू रागाव, पर पुढचं सांग."